जुन्या जीपचं ब्रेक पेडल पोकळ लागतंय? एअर काढण्याआधी हे तपासा

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्यांनी चारही चाकांना ड्रम असलेली महिंद्राची जुनी डिझेल जीप घेतली आहे. धाकट्या भावाला पेडलवर बसवून त्यांनी घरीच तीन वेळा एअर, म्हणजे ब्रेक ऑइलमध्ये अडकलेली हवा, काढली. दोन दिवस पेडल बरं राहतं, मग परत पोकळ. एकदा दाबलं तर तळाला जातं, लगेच दुसऱ्यांदा दाबलं की वर येतं. जोरात ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढते. पावसाळ्यात गगनबावडा, दाजीपूर करायचा बेत आहे. हे काम घरी करावं का, ब्रेक ऑइल कोणतं घालावं आणि ही कटकट कायमची मिटवायला पुढे डिस्क बसवून टाकावी का, असं त्यांनी विचारलंय.

काम घरी जरूर करा. जुन्या जीपचे ब्रेक शिकायला सोपे आहेत, सगळं डोळ्यांना दिसतं आणि कॉम्प्युटर कुठेच आडवा येत नाही. पण एअर काढणं हे त्यातलं शेवटचं काम आहे आणि तुम्ही तिथूनच सुरुवात केलीत. ब्रेकची लाइन बंद असते, तिच्यात हवा आपोआप तयार होत नाही. काढलेली हवा दोन दिवसांत परत येते म्हणजे कुठल्या तरी सिलिंडरचा कप (आतलं रबरी सील) किंवा एखादा जोड ती आत घेतोय. जिथून पेडल सोडताना हवा आत शिरते, तिथूनच जोरात पेडल दाबल्यावर ऑइल बाहेर येतं. ती जागा सापडेपर्यंत कितीही बाटल्या ओतल्या तरी पैसे मातीत.

पाना हातात घेण्याआधी गाडी उचलायचं बघू, कारण या जीपमध्ये एक फसवी गोष्ट आहे. बऱ्याच जुन्या जीपांचा हँडब्रेक मागच्या चाकांवर नसतो, ट्रान्स्फर केसच्या मागे, चाकांकडे ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टवर एक छोटा ड्रम असतो, तो तिथे धरतो. सपाटीवर चारही चाकं जमिनीवर असताना ठीक. पण मागचं एक चाक जॅकवर उचललंत की डिफरेन्शियलमुळे (दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देणारे गिअर) ते चाक उलटं फिरतं आणि जमिनीवरचं चाक सुटं होतं. हँडब्रेक पूर्ण ओढलेला असतो तरी जीप जॅकवरून घसरते. म्हणून जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी ठोकळे लावा आणि अ‍ॅक्सलखाली स्टँड दिल्याशिवाय चाक काढू नका. उताराच्या अंगणात तर हे काम करूच नका.

आता पेडल काय सांगतंय ते ऐकू. पेडल रबरासारखं दबत असेल, पायाला कुठेच टणक लागत नसेल, तर लाइनमध्ये हवा आहे. पेडल खाली जातं पण खाली गेल्यावर टणक लागतं आणि दुसऱ्या दाबाला वर येतं, तेव्हा बहुतेक वेळा शू (ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या कमानी) ड्रमपासून लांब गेलेले असतात. पहिल्या दाबात सगळं ऑइल शू ड्रमपर्यंत नेण्यातच खर्च होतं. पाय दाबून धरला आणि पेडल हळूहळू खाली बसत गेलं, बाहेर मात्र कुठेच थेंब नाही, तर मास्टर सिलिंडरचा, म्हणजे पेडल दाबल्यावर चारही चाकांना ऑइल ढकलणाऱ्या सिलिंडरचा, आतला कप ऑइल मागे सोडतोय. पेडल दगडासारखं टणक आणि गाडी मात्र थांबत नाही, तेव्हा लायनिंगला (शूवरच्या घासणाऱ्या थराला) ऑइल लागलंय, लायनिंग चकचकीत झालंय किंवा बूस्टर (व्हॅक्यूमच्या जोरावर पायाला मदत करणारा डबा) असलेल्या गाडीत व्हॅक्यूम मिळत नाहीये. डिझेल गाडीत हा व्हॅक्यूम बहुधा अल्टरनेटरच्या मागच्या छोट्या पंपातून येतो. त्या पंपाचा पाइप चिरला तरी हेच लक्षण दिसतं.

तुमच्या वर्णनात पहिली दोन्ही लक्षणं आहेत. म्हणजे शू ढिले आहेत आणि हवाही येतेय. गाडी डावीकडे ओढते, त्यामुळे माझा पहिला संशय पुढच्या उजव्या चाकावर आहे. तिथला ब्रेक कमी लागत असणार.

चारही ड्रम उघडा. एकच उघडून 'सापडलं' म्हणून थांबू नका. मागचं हब टेपर शाफ्टवर बसवलेली जीप असेल तर ते पुलरशिवाय (हब ओढून काढायच्या हत्याराशिवाय) निघत नाही. शाफ्टच्या टोकावर घण घालून काढणारे बरेच आहेत, पण तो मार थेट बेअरिंगला जातो. पुलर भाड्याने आणा. ड्रममधली धूळ हवा मारून उडवू नका. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं आणि ती धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही. मास्क लावा आणि ओल्या फडक्याने पुसून काढा.

उघडल्यावर व्हील सिलिंडरकडे, म्हणजे शू बाहेर ढकलणाऱ्या चाकातल्या सिलिंडरकडे बघा. दोन्ही टोकांना रबरी बूट असतात. बऱ्याच जणांना सिलिंडर बाहेरून कोरडा दिसला की तो ठीक वाटतो. बारीक पेचकसाने बुटाची कड उचला. आत कोरडं, फार तर किंचित ओलसर हवं. कड उचलताच ऑइलचा थेंब घरंगळला किंवा तपकिरी चिखल दिसला, तर चोर तिथेच आहे. कप आधी बारीक गळतो, ऑइल बुटात साठतं, बूट भरला की मग लायनिंगवर उतरतं. त्यामुळे जमिनीवर डाग दिसायच्या कितीतरी आधी ही गोष्ट बुटाखाली कळते.

मागच्या चाकात लायनिंग ओलं दिसलं तर वास घ्या. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास असतो आणि ते बोटांना चिकट लागतं. ब्रेक ऑइल पातळ असतं आणि पाण्यात विरघळतं. गिअर ऑइल निघालं तर व्हील सिलिंडरचा काही दोष नाही, अ‍ॅक्सलचं सील गेलंय. अशा वेळी डिफरेन्शियलच्या ब्रीदरला (हवा बाहेर सोडणाऱ्या भोकाला) चिखल बसलाय का तेही बघा. ब्रीदर बंद झाला की तापलेल्या हाउसिंगमधली हवा सीलमधूनच वाट काढते आणि नवं सीलही लवकर गळायला लागतं.

सिलिंडर खोलला की आतल्या भिंतीवरून बोट फिरवा. भिंत गुळगुळीत असेल तर कप, बूट आणि स्प्रिंगचं किट बदलून भागतं. नखाला खड्डा लागत असेल तर सिलिंडरच नवा घाला. खड्डे पडलेल्या सिलिंडरला पॉलिश पेपर मारून नवं किट बसवलं की तो आठवडाभर छान चालतो आणि नवा कप त्याच खड्ड्यांवर घासून परत गळतो. नवा घेताना जुना सोबत न्या. पुढचा आणि मागचा सिलिंडर दिसायला सारखे असले तरी आतला व्यास वेगळा असू शकतो आणि तो बहुतेक अंगावर कोरलेला असतो. उजवीकडे एका व्यासाचा आणि डावीकडे दुसऱ्या व्यासाचा बसला की गाडी आयुष्यभर ओढत राहते. ऑइल प्यायलेले शू पेट्रोलने धुऊन, जाळून परत बसवायची पद्धत आपल्याकडे आहे. ती सोडा. लायनिंगच्या आत मुरलेलं ऑइल घाटात ड्रम तापला की बाहेर येतं. लायनिंग नेहमी जोडीने बदलायचं, पुढची दोन्ही चाकं किंवा मागची दोन्ही. शू काढण्याआधी फोन काढून फोटो घ्या, कारण दोन्ही शूंचं लायनिंग सारख्याच लांबीचं असेल असं नाही आणि स्प्रिंग कुठल्या भोकात होती हे नंतर आठवत नाही.

ब्रेकचे भाग रॉकेल, डिझेल किंवा पेट्रोलने धुऊ नका. या लाइनमधलं रबर ब्रेक ऑइल सोसण्यासाठीच बनवलेलं असतं. खनिज तेल लागलं की ते फुगतं, मऊ पडतं आणि पिस्टन जाम होतो. चुकून इंजिन ऑइलची धार मास्टरमध्ये गेली तर मास्टरपासून होजपर्यंतचं सगळं रबर बदलावं लागतं. धुवायला ब्रेक क्लीनरचा स्प्रे किंवा मेथिलेटेड स्पिरिट घ्या आणि बसवताना कपांना ताजं ब्रेक ऑइल लावा. ग्रीस लावू नका.

ड्रमला आत कडा पडल्या असतील तर तो लेथवर फिरवून घ्यावा लागेल. आपण कोल्हापुरात आहोत, ही सोय आपल्याइतकी फार थोड्या गावांना आहे. उद्यमनगरात ड्रमवर कट मारणारा चांगला टर्नर सहज सापडतो. त्याला दोन गोष्टी आवर्जून सांगा. एकाच अ‍ॅक्सलचे दोन्ही ड्रम एकाच मापाला आणायचे आणि लागेल तेवढाच कट घ्यायचा. ड्रमचा कमाल व्यास बऱ्याचदा ड्रमवरच उठवलेला असतो. त्यापुढे गेलेला ड्रम पातळ होतो, लवकर तापतो आणि तडकू शकतो. असा ड्रम भंगारात द्या.

पुढे होज आणि लाइन. चॅसीपासून चाकाकडे जाणारे रबरी होज वाकवून बघा. बारीक भेगा दिसल्या की बदला. होज बाहेरून धडधाकट असून आतून सुजलेला असू शकतो. पाय दाबला की दाबाच्या जोराने ऑइल चाकाकडे जातं, पण पाय सोडल्यावर परत येत नाही. ते चाक तापतं आणि गाडी त्या बाजूला ओढायला लागते. राधानगरीकडच्या एका जीपचं पुढचं एकच चाक कायम गरम व्हायचं. सिलिंडर बदलून झाला, शू बदलून झाले, बेअरिंगसुद्धा बदललं. मी चाक जाम असतानाच त्याचा ब्लीड निप्पल (एअर काढायचा स्क्रू) सैल केला. ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक सुटलं. मग मास्टरवरचा जोड सैल करून बाकीची लाइन मोकळी आहे हे पाहिलं आणि होज बदलला. हा इलाज साधा आहे, पण या क्रमाने तपासल्याशिवाय होजवर कुणाचा संशय जात नाही.

लोखंडी लाइन गंजली असेल तर मात्र घरी जुगाड नको. तांब्याचा साधा पाइप थरथरून कडक होतो आणि तडकतो. ब्रेझिंगचा डाग किंवा कॉम्प्रेशनचा जोड ब्रेकच्या दाबाला चालत नाही. डबल फ्लेअर मारून, म्हणजे पाइपचं तोंड दुहेरी दुमडून देणाऱ्याकडूनच लाइन करून घ्या. जुन्या जीपला बऱ्याचदा सिंगल सर्किट असतं, म्हणजे एक लाइन फुटली की चारही ब्रेक गेले. एवढी एक गोष्ट डोक्यात ठेवली तरी जुगाडाचा मोह होणार नाही.

मास्टर सिलिंडर जुन्या मॉडेलांत ड्रायव्हरच्या पायाखाली, चॅसीला बसवलेला असतो, नंतरच्यांत बोनेटखाली. पायाखालच्या मास्टरचं झाकण उघडण्याआधी भोवतालची माती ब्रशने काढा, नाहीतर ती सरळ आत पडते. झाकणाचं श्वासाचं भोक उघडं आहे का तेही बघा. पेडलला थोडी मोकळी चाल, साधारण अर्धा इंच, राहिलीच पाहिजे. मास्टरमध्ये एक अगदी बारीक भोक असतं, पाय सोडल्यावर ऑइल त्यातून टाकीत परत जातं. पुशरॉड (पेडल आणि मास्टरमधला दांडा) ताणून पेडल 'टाइट' करायला गेलात की कप त्या भोकावरच बसून राहतो. मग चार-पाच किलोमीटरवर ब्रेक आपोआप आवळायला लागतात आणि ड्रम जळायला येतात. पेडल वर आणायचं ते शू अ‍ॅडजस्ट करून, पुशरॉड फिरवून नाही.

शू अ‍ॅडजस्टमेंट बॅकप्लेटच्या (शू ज्या पत्र्यावर बसतात त्याच्या) मागून होते. चाक हाताने फिरवत अ‍ॅडजस्टर आवळा. चाक अडलं की मोकळं फिरेपर्यंत सोडा. लायनिंगचा हलका खरखर आवाज राहिला तरी चालेल. मध्ये दोन-तीनदा पेडल मारून शू मध्यावर बसवा आणि परत तपासा. माझा अनुभव असा की 'एअर निघत नाही' म्हणून येणाऱ्या जीपांपैकी बऱ्याच जीपांचं पेडल या एका कामाने वर येतं. तुमचंही बरंचसं येईल.

आता एअर. दोन माणसं, एक पारदर्शक नळी, एक बाटली आणि निप्पलला घट्ट बसणारा रिंग पाना घ्या. उघड्या तोंडाच्या पान्याने निप्पल गोल होतो. निप्पल गंजला असेल तर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, सकाळी हलके ठोके द्या, आधी किंचित आवळा आणि मग सोडा. नळी निप्पलपासून आधी वर नेऊन मग बाटलीत सोडा आणि तिचं टोक ऑइलमध्ये बुडलेलं ठेवा. सुरुवात मास्टरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून करायची. उजव्या हाताच्या स्टिअरिंगच्या आपल्या गाड्यांत ते बहुधा मागचं डावं. मग मागचं उजवं, पुढचं डावं आणि शेवटी पुढचं उजवं. मास्टर खोलला असेल तर गाडीला बसवण्याआधी त्याची स्वतःची एअर व्हाइसवर काढून घ्या.

पेडलवरच्या माणसाने भराभरा पंप मारायचे नाहीत. भराभर मारलं की मोठा बुडबुडा फुटून फेस होतो आणि तो निघता निघत नाही. सावकाश दाबायचं, 'धरलंय' म्हणायचं. मग खालचा माणूस निप्पल उघडणार, पेडल खाली जाणार, निप्पल बंद करून खालून 'सोड' आलं की मगच पाय उचलायचा. दोन दाबांच्या मध्ये दहा-पंधरा सेकंद जाऊ द्या. मास्टरची पातळी दर चार-पाच दाबांनी बघा. टाकी एकदा रिकामी झाली की पहिल्यापासून सुरू. बाटलीत आलेलं ऑइल परत टाकीत घालायचं नाही, ते कितीही स्वच्छ दिसो.

आणखी एक गोष्ट फार कमी जण सांगतात. जुन्या मास्टरच्या सिलिंडरमध्ये रोजच्या वापरात कप अर्ध्या वाटेपर्यंतच जातो. पुढचा भाग वर्षानुवर्षं न घासलेला, गंज आणि गाळ धरलेला असतो. एअर काढताना पेडल तळापर्यंत दाबलं की कप त्या गंजावर घासतो, त्याची कड फाटते आणि काल बरा असलेला मास्टर आज गळायला लागतो. म्हणून पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा, म्हणजे ते तळाला टेकणार नाही. तुम्ही तीन वेळा तळापर्यंत दाबून एअर काढली आहे, तेव्हा मास्टरचा कप उघडून बघाच.

निप्पल उघडा ठेवून ऑइल आपोआप टपकू द्यायची पद्धतही आहे, एकट्याने करायला सोयीची. पण ड्रमच्या जुन्या मास्टरमध्ये एक चेक व्हॉल्व्ह असतो. तो लाइनमध्ये थोडा दाब राखून ठेवतो, कपाच्या कडा भिंतीला टेकून राहाव्यात म्हणून. त्यामुळे अशा गाडीत नुसतं वजनाने ऑइल उतरत नाही. थेंब येत नाही म्हणून लाइन चोंदली असं समजू नका. लाइन जिथे वर चढून परत खाली येते तिथेही बुडबुडा अडकतो. गाडीचं तोंड थोडं वर-खाली करून ठेवलं की तो सरकतो.

ऑइल डॉट ४ घाला. ग्लायकॉलचं ब्रेक ऑइल हवेतली वाफ ओढून घेतं. ताजं डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, डॉट ४ किमान २३०. पण ३.७ टक्के पाणी मुरलं की हेच किमान आकडे १४० आणि १५५ वर येतात. गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना सतत पायाखाली ब्रेक असेल तर मागाहून जे घडतं ते या आकड्यांत आहे. सिलिंडरमधलं ऑइल उकळतं, वाफ दबते आणि पेडल जमिनीला टेकतं. खाली उतरून चहा होईपर्यंत सगळं थंड होतं आणि पेडल परत वर येतं. मग 'मघाशी काय झालं कुणास ठाऊक' म्हणून लोक पुढे निघतात. असं एकदा जरी झालं तरी ऑइल पूर्ण बदलायचं. एरवी दोन वर्षांनी बदललं तर चालतं, पण आपल्या पश्चिमेकडच्या पावसात चालणाऱ्या गाडीचं दरवर्षी मृगाआधी बदला. डॉट ५ हे सिलिकॉनचं ऑइल आहे, ते यात मिसळायचं नाही. उघडलेली बाटली पुढच्या वर्षासाठी ठेवू नका. अंगणात रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, नाहीतर रंग उचकटतो.

गाडी २०१९ किंवा २०२१ च्या पुरात बुडलेली होती का, हे आधीच्या मालकाला विचारून घ्या. पंचगंगेच्या गाळात उभ्या राहिलेल्या गाडीचे चारही सिलिंडर खोलल्याशिवाय तिच्या ब्रेकवर विश्वास ठेवू नये.

काम झाल्यावर इंजिन बंद ठेवून पेडल पूर्ण जोराने एक मिनिट दाबून धरा. ते तसूभरही खाली बसता कामा नये. धरलेलं असतानाच दुसऱ्याने टॉर्च घेऊन प्रत्येक जोड आणि चाकाची आतली बाजू बघायची. बूस्टर असेल तर तीन-चार वेळा पेडल मारून व्हॅक्यूम संपवा, पाय दाबून इंजिन चालू करा, पेडल किंचित खाली गेलं पाहिजे. मग मोकळ्या सपाट रस्त्यावर आधी वीसच्या, मग चाळीसच्या वेगाने ब्रेक मारून बघा. नवं लायनिंग ड्रमला सुरुवातीला पूर्ण टेकत नाही. थोडं थोडं अंतर ठेवून पंधरा-वीस वेळा मध्यम ब्रेक मारा, मध्ये थंड होऊ द्या. साधारण दोनशे किलोमीटरनंतर शू परत अ‍ॅडजस्ट करावे लागतील. तोपर्यंत घाटाकडे जाऊ नका.

पावसाळ्यात ओढा ओलांडला की ड्रममध्ये पाणी राहतं आणि पहिले काही ब्रेक लागतच नाहीत. पाण्यातून बाहेर आल्यावर हळू चालवत डाव्या पायाने हलकेच पेडल दाबून ड्रम कोरडे करा. दाजीपूरच्या लाल मातीतून आल्यावर ड्रम उघडून धुवा. जांभ्याचे बारीक खडे लायनिंगमध्ये रुततात आणि एका पावसाळ्यात ड्रमला चरे पाडतात. घाट उतरताना ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा.

राहिला प्रश्न डिस्कचा. पुढच्या चाकांना डिस्क बसवल्याने पाण्यात आणि उतारावर फरक पडतो, हे खरं आहे. पण ते नुसतं चाकाजवळचं काम नाही. डिस्कच्या कॅलिपरला (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाला) जास्त ऑइल लागतं, म्हणून मास्टरचं माप बदलतं. ड्रमसाठीचा तो चेक व्हॉल्व्ह डिस्कच्या लाइनमधून काढावा लागतो, नाहीतर पॅड कायम घासत राहतात. बहुतेक ठिकाणी बूस्टरही घालावा लागतो. तेवढा खर्च करायची तयारी असेल, तर मी आधी डबल सर्किटचा मास्टर बसवून घेईन आणि पुढची-मागची लाइन वेगळी करीन. ते काम जाणत्या गॅरेजमध्येच करून घ्या. तोपर्यंत चारही ड्रम नीट असलेली जीप आपल्या घाटांना पुरेशी थांबते. आधी पुढचं उजवं चाक उघडा आणि बुटाखाली काय निघालं ते कळवा.